पेंटरांचा पडदा

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात कोल्हापूरहून आलेला एक मूकपट लागला. नाव ‘सैरंध्री’. विराटाघरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि शेवटी भीमाच्या हातून झालेला त्याचा वध, ही गोष्ट पुण्याला तोंडपाठ होती. तिला एक ताजी धारही होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातल्या कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झनला पाहिलं होतं आणि सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली होती. दहा वर्षांनी तोच कीचक पडद्यावर आला. आता त्याला संवाद नव्हते, पण त्याचं मुंडकं धडावेगळं होताना सगळ्या थिएटरला दिसत होतं. ते दृश्य इतकं हुबेहूब वठलं होतं की पाहणाऱ्यांना घेरी आली, असं सांगतात. पुढे ते कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी या चित्रपटाच्या कर्त्याला सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. टिळकांचं ते शेवटचं वर्ष. ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी ते गेले.

हा कर्ता म्हणजे बाबूराव कृष्णराव मिस्त्री. गाव त्यांना बाबूराव पेंटर म्हणे.

१९२० ते १९२५ या पाच-सहा वर्षांत कोल्हापुरात जे घडलं, ती मराठी मूकपटाची सर्वांत उंच जागा आहे, असं माझं मत आहे. तिथे कला आणि गल्ला काही काळ हातात हात घालून चालले, मग एका चित्रपटापाशी त्यांची वाट वेगळी झाली. ही वाट का फुटली, हे समजायला आधी कोल्हापूर पाहायला हवं.

शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरात कलावंताला मान होता आणि कामही होतं. अल्लादिया खाँसाहेब दरबारी गवई होते. आबालाल रहिमान रंकाळ्याच्या काठाने निसर्गचित्रं रंगवत होते. कुस्त्यांसाठी खासबाग मैदान बांधलं गेलं, नाटकांसाठी पॅलेस थिएटर उभं राहिलं. केशवराव भोसले याच गावचे. या गावात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे दोघे चुलतभाऊ होते, आनंदराव आणि बाबूराव. मिस्त्री घराण्यातले, म्हणजे सुतारकाम, लोहारकाम, घडणं-जोडणं हे घरातच. चित्रकलेच्या शाळेत कोणी गेलेलं नव्हतं. राजवाडा, जंगल, नदीकाठ, रस्ता असे पडदे ते रंगवीत आणि पडदा वर गेला की आधी पडद्यालाच टाळी पडे. एका सपाट कापडावर खोली निर्माण करायची, लांबचा डोंगर लांब आणि जवळचा खांब जवळ भासवायचा, ही त्यांची रोजची विद्या होती.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना हलत्या चित्रांचं वेड लागलं. स्वतः चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा. विलायती कॅमेरा परवडण्यातला नव्हता. त्या खटपटीतच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी मग विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला हाताशी धरलं आणि कॅमेरा कोल्हापुरातच घडवला.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, काम सोपं नव्हतं. कॅमेऱ्याच्या पोटात फिल्म एकसारखी सरकत राहून चालत नाही. ती एका चौकटीपुरती सरकायला हवी, क्षणभर निश्चल थांबायला हवी, तेवढ्यात झडप उघडून मिटायला हवी आणि पुन्हा पुढची चौकट यायला हवी. हे सेकंदाला सोळा वेळा. केसाइतकी चूक झाली तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. हँडल हातानेच फिरवायचं, सेकंदाला दोन फेरे, आणि समोर भीम लढत असो की द्रौपदी रडत असो, फिरवणाऱ्या मनगटाने आपली लय सोडायची नाही. ज्यांनी लेथवर दातेरी चाकं कातली आणि त्याच हातांनी रंगही कालवला, अशा माणसांनी हे यंत्र उभं केलं. पुढच्या सगळ्या कामावर त्याची छाप राहिली. यंत्र बिघडलं तर मुंबईची वाट पाहायची नाही, उघडायचं आणि दुरुस्त करायचं. एखादी गोष्ट बाजारात मिळत नसेल तर ती बनवायची.

भांडवल घातलं ते तानीबाई कागलकर या गायिकेने. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिच्या पैशावर उभी राहिली, हे मराठी चित्रपटाच्या इतिहासात ठळक अक्षरांत यायला हवं. ज्या समाजात गाणाऱ्या बाईच्या घराकडे चारचौघांत पाहायचीही चोरी होती, तिथे तिच्या मिळकतीतून एक नवी कला जन्माला आली. पडद्यावरही बाईचं काम बाईनेच करावं, असा बाबूरावांचा आग्रह होता. फाळक्यांच्या हरिश्चंद्रातली तारामती पुरुषाने, अण्णा साळुंक्यांनी केली होती. स्त्रिया फाळक्यांच्याच पुढच्या चित्रपटात आल्या, तरी १९२० मध्येही असं काम पत्करणारी बाई मिळणं दुर्मीळच होतं. कोल्हापुरात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या. गुलाबबाई पडद्यावर कमलादेवी झाल्या. त्यांनी लोकांचे बोल सोसले आणि काम सोडलं नाही.

कंपनीत कामांची काटेकोर वाटणी नव्हती. दामले कॅमेरा, यंत्रं, रसायनं पाहत. सय्यद फत्तेलाल चित्रकार, त्यांचा हात नेपथ्याला लागे. पुढे साऱ्या चित्रसृष्टीने या दोघांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणूनच ओळखलं. व्यवस्था बाबूराव पेंढारकरांकडे. त्यांच्या मावसभावाला, शांताराम वणकुद्रे नावाच्या तरुण पोराला, १९२० मध्ये तिथे हरकाम्या म्हणून घेतलं. त्याआधी तो हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात आणि गंधर्व नाटक मंडळीत राहून आला होता. इथे तो पडेल ते काम करी आणि सांगितली ती भूमिकाही करी. ‘सुरेखाहरण’मध्ये तो कृष्ण झाला. केशवराव धायबर कॅमेऱ्यापाशी तयार झाले. ही कंपनी म्हणजे एक तालीम होती. वस्ताद कमी बोलणारा, आणि पट्ठ्यांनी बघून शिकायचं.

बाबूरावांनी शिकवलं ते काय? माझ्या मते सर्वांत आधी पाहायला शिकवलं. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. तांबडं लुगडं पडद्यावर काळंठिक्कर उमटे, निळं आभाळ पांढरंफटक होई, ओठांना लावलेला रंग काजळासारखा दिसे. डोळ्यांना दिसतं ते आणि फिल्मवर उमटतं ते, यांत मोठं अंतर. साध्या फोटोग्राफरला हे अंतर कळायला रिळं वाया घालवावी लागत. बाबूराव आयुष्यभर रंग कालवत आलेले. कोणत्या रंगाची जागा करड्याच्या कोणत्या छटेने भरायची, याचा हिशेब ते आधीच करीत. पात्रांचे पोशाख, उभं राहण्याच्या ढबी, हालचाली ते आधी कागदावर रेखाटत. आणि ज्यांनी पडदे रंगवून नाव मिळवलं, त्यांनीच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. कॅमेऱ्यासमोर घडीव, भरीव, आत शिरून चालता येईल असं नेपथ्य उभं केलं. रंगवलेली खोली रंगभूमीवर चालते, कारण तिथे प्रेक्षकाची जागा ठरलेली असते. कॅमेरा जागा बदलतो, मग ती फसवणूक उघडी पडते. हे ज्याला पडद्याची ताकद ठाऊक होती, त्यालाच इतक्या लवकर कळलं.

१९२३ मध्ये ‘सिंहगड’ आला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो बेतलेला होता. तानाजी झाले बाळासाहेब यादव, शेलारमामा शांताराम आणि शिवाजी खुद्द बाबूराव. तोवर आपल्याकडचे चित्रपट उन्हात काढले जात. रात्र दाखवायची तर दिवसाच चित्रण करून फिल्मला निळा रंग द्यायचा, अशी रीत. तानाजीचा छापा मात्र रात्रीचा. अंधार, धुकं, कड्यावरून चढणारी माणसं. बाबूरावांनी विजेच्या दिव्यांवर रात्र उभी केली. काळोखातून एकेक चेहरा उजळत बाहेर यावा, हे चित्रकाराचं स्वप्न त्यांनी कॅमेऱ्याने साधलं.

लोकांनी ‘सिंहगड’ डोक्यावर घेतला. शिवरायांचं नाव घेताच अंगावर काटा येणाऱ्या समाजाला त्याचा तानाजी दिसला होता. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला तोही १९२३ चा. ‘सिंहगड’ची गर्दी पाहून सरकारला हा कर सुचला, अशी आख्यायिका आपल्याकडे आजही सांगितली जाते. कायद्याचा मसुदा एका चित्रपटाच्या खेळावरून होत नाही. पण लोकांना ही आख्यायिका खरी वाटली, यावरून त्या गर्दीचा अंदाज येतो. जाहिरातीतही बाबूराव पुढे होते. चित्रपटाची भित्तिपत्रं ते स्वतः रंगवत. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिका छापत. भिंतीवरचं चित्र पाहून थबकलेला माणूस थिएटरात येतो, हे ओळखणारा चित्रकार धंद्यातही कच्चा नव्हता.

त्या धंद्याची एक मोठी सोय आज सहज विसरली जाते. मूकपटाला भाषेची सीमा नव्हती. दृश्यांच्या मधल्या पाट्या मराठीऐवजी गुजराती, हिंदी, उर्दू किंवा इंग्रजीत घातल्या की तोच चित्रपट कुठेही चाले. अनेकदा एकाच पाटीवर दोन-तीन भाषा असत. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारचा कोणी मोठ्याने वाची. पडद्यापुढे बसून पेटी-तबलावाले आपापल्या गावच्या चाली वाजवत. कोल्हापुरात काढलेला तानाजी अशा रीतीने जाईल त्या गावचा होई. याच काळात फाळके नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनीत काम करत होते. मुंबईत द्वारकादास संपतांची कोहिनूर, मग शारदा आणि अर्देशिर इराणींची इंपीरियल अशा कंपन्या उभ्या राहिल्या. तिथली गती वेगळी होती. सुलोचना या नावाने गाजलेली रूबी मायर्स ‘टायपिस्ट गर्ल’ आणि ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मधून घराघरांत पोचली. शारदाच्या तलवारबाजीच्या चित्रपटांनी मास्टर विठ्ठलला मोठा नट केलं. हा विठ्ठल मूळचा कोल्हापूरच्या कंपनीतलाच. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटात तो नाचणाऱ्या मुलीच्या वेषात पहिल्यांदा पडद्यावर आला होता. मुंबईने कोल्हापूरकडून माणसं घेतली आणि त्यांचा भाव वाढवला. कोल्हापूर मात्र आपल्याच चालीने चालत राहिलं. मनासारखा प्रकाश मिळेपर्यंत थांबायचं, नेपथ्य पटलं नाही तर पुन्हा बांधायचं. हे सगळं ‘सिंहगड’च्या पैशावर निभावलं.

मग १९२५ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला.

नारायण हरी आपट्यांची कथा. एक शेतकरी, एक सावकार, एक खोटा कागद. जमीन जाते, शेतकरी शहराची वाट धरतो आणि मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. देव नाहीत, राजे नाहीत, तलवार नाही, चमत्कार नाही. आपल्या चित्रपटात तोवर असं काही सहसा होत नसे. पण महाराष्ट्राच्या आयुष्यात ते कधीपासून होत आलं होतं. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि रोखे बाहेर काढून जाळले होते. ते लोण गावोगाव पसरलं आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्या कागदाने जमिनी गेल्या, तो कागद बाबूरावांनी पडद्यावर आणला. १९२५ हे चॅप्लिनच्या ‘द गोल्ड रश’चं आणि आयझेन्श्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’चं वर्ष. भूक आणि अन्याय हे विषय जगातल्या सर्वांत मोठ्या मूकपटकारांच्या हाती आले, त्याच वर्षी कोल्हापूरच्या या माणसानेही ते आपणहून हाती घेतले. कोणाचं पाहून नव्हे.

जाणकारांनी वाखाणलं, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. गल्ला जमला नाही.

याचा दोष प्रेक्षकाला देणं मला पटत नाही. दिवसभर ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याच सावकाराला रात्री पैसे मोजून पुन्हा का पाहायचं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्याला तानाजी हवा होता, कारण तानाजी गेला तरी गड जिंकला जातो. आणि पडद्यावरचा शेतकरी जिंकत नव्हता. पण कलेच्या बाजूने पाहिलं तर ‘सैरंध्री’पासून घडत आलेलं सगळं कसब याच चित्रपटाकडे चाललं होतं. अंधार-उजेडाचा तो अभ्यास किल्ल्याच्या तटावरून उतरून झोपडीत आला. भरीव नेपथ्याचा आग्रह आता गरिबाच्या घरातल्या मडक्यांपर्यंत पोचला. पुराण आणि इतिहास यांत प्रेक्षक गोष्ट आधीच जाणतो, म्हणून मूकपट तिथे तरतो. अनोळखी शेतकऱ्याची अनोळखी गोष्ट एका शब्दाशिवाय सांगायची, तर सारा भार चित्रावर येतो. हा भार पेलायची तयारी त्या वेळी आपल्याकडे एकाच कंपनीत होती.

चित्रपटकार जे. बी. एच. वाडियांनी पुढे लिहिलं आहे की मूक ‘सावकारी पाश’ त्यांना पुसट आठवतो. बाबूराव किती मोठे कलावंत आहेत, हे त्यांना कळलं ते याच कथेचा बोलपट पाहिल्यावर. त्यातली मंद उजेडातली उदास झोपडी आणि कुत्र्याचं विव्हळणं ते विसरू शकले नाहीत.

१९२७ मध्ये सरकारने टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट-चौकशी समिती नेमली. आपल्या थिएटरांत तेव्हा अमेरिकी चित्रपटांचा सुळसुळाट होता आणि त्याजागी साम्राज्यातले, म्हणजे ब्रिटिश चित्रपट यावेत, ही सरकारची मनीषा. समितीने ती मानली नाही. मदत करायची तर देशी चित्रपटाला करा, असं तिने १९२८ च्या अहवालात सांगितलं. अहवाल बासनात गेला. देशी कंपन्या कर भरत राहिल्या आणि आपापल्या बळावर तरत राहिल्या.

कोल्हापुरात शिष्य आता हाताबाहेर नव्हे, पण हाताएवढे झाले होते. १९२७ मध्ये शांतारामांनी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला, १९२८ मध्ये दामले-फत्तेलालांनी ‘महारथी कर्ण’. वस्ताद कामाला लागेपर्यंत वाट पाहणं आता त्यांना जमेना. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांकडून शिकलेली दृष्टी आणि बाबूरावांकडे नसलेली शिस्त, असा तो मेळ होता. पहिला चित्रपट ‘गोपाळकृष्ण’. मग शिवाजीवरचा ‘स्वराज्याचं तोरण’. स्वराज्य हा शब्द सेन्सॉरला खुपला आणि नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं. शिवाजीची भूमिका या वेळी शांतारामांनी केली. मूकपट कसा काढायचा, हे प्रभातच्या माणसांना पुरतं साधलं होतं. पुढचा चित्रपट मागच्याहून सफाईदार होत होता.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये इंपीरियलचा ‘आलम आरा’ लागला. नायक मास्टर विठ्ठल, नायिका झुबेदा. पडदा बोलला, गायला. थिएटरापुढे पोलीस आणावे लागले. नाटकातल्या पदांवर पोसलेल्या आपल्या लोकांना पडद्याने गावं, यात नवल वाटलं ते उशीर झाल्याचंच. एका वर्षात धंद्याचं गणित उलटलं. पाट्या बदलून देशभर फिरणारा चित्रपट आता एकाच भाषेत अडकला. ६ फेब्रुवारी १९३२ ला प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ त्याच मॅजेस्टिकमध्ये आला, तेव्हा तो मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केलेला होता. प्रत्येक प्रसंग दोन वेळा. पाटीच्या जागी हा खर्च आला. छोट्या कंपन्यांना तो झेपला नाही. पडद्यापुढच्या पेटी-तबलावाल्यांची रोजी गेली.

बाबूरावांना बोलपट रुचला नव्हता. इतक्या वर्षांच्या मेहनतीने घडलेली चित्राची भाषा आवाजाखाली चिरडली जाईल, अशी त्यांची धास्ती होती. ही म्हाताऱ्याची कुरकुर नव्हती; ते तेव्हा जेमतेम चाळिशीत होते. आणि ती धास्ती निराधारही नव्हती. पहिल्या बोलपटांत कॅमेरा जागचा हलेनासा झाला, कारण त्याची घरघर मायक्रोफोनला ऐकू जाई आणि नटांना मायक्रोफोनजवळ राहून बोलावं लागे. ‘सिंहगड’च्या कड्यावर गेलेला कॅमेरा पुन्हा खोलीत कोंडला गेला. महाराष्ट्र फिल्म कंपनी या धक्क्यातून सावरली नाही. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली.

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले बोटांवर मोजण्याइतके उरले. नायट्रेटची फिल्म पेट घेते, दमट हवेत चिकट होते, आणि जुन्या रिळांतून चांदी काढून विकणारेही कमी नव्हते. ‘सिंहगड’ आणि मूक ‘सावकारी पाश’ आज पाहता येत नाहीत. त्यांच्याविषयी आपण जे बोलतो ते पाहणाऱ्यांच्या आठवणींवरून आणि शिष्यांच्या कामात उतरलेल्या दृष्टीवरून.

कोल्हापूर मात्र चित्रपट काढत राहिलं. राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली, पाठोपाठ शालिनी सिनेटोन. शालिनीसाठी बाबूरावांनी १९३६ मध्ये तोच ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, आता आवाजासह. जो विषय लोकांनी एकदा नाकारला होता, तोच त्यांनी अकरा वर्षांनी परत धरला. आणि कोल्हापूर सिनेटोनने उतारवयातल्या दादासाहेब फाळक्यांना बोलावून घेतलं. ज्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून बाबूराव या वाटेला लागले होते, त्या फाळक्यांनी आपला एकुलता एक बोलपट, १९३७ चा ‘गंगावतरण’, कोल्हापुरात पुरा केला.